‘काही नाही, जा’

माझ्या जिभेवर नकाशा आहे. मधोमध लालसर गुळगुळीत बेटं, त्यांच्या कडेनं पांढरट किनार. आठवड्या-दोन आठवड्यांत एखादं बेट विरतं, दुसरं कुठंतरी उगवतं. मी सीमाभागातल्या, कर्नाटकातल्या निपाणीत राहतो. इथं नकाशावरची एक रेघ १ नोव्हेंबर १९५६ पासून माणसांच्या घशात अडकून बसली आहे, त्यामुळं स्वतःच्या तोंडातल्या सीमा अशा बिनबोभाट इकडच्या तिकडं होतात याची मला आता गंमत वाटते. वीस वर्षांपूर्वी वाटत नव्हती. हे तंबाखूचं गाव. इथं जिभेवर डाग दिसला की माणूस मधल्या सगळ्या शक्यता ओलांडून थेट शेवटच्या शक्यतेवर जातो.

तेव्हा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी टॉर्च मारला, जीभ इकडं-तिकडं वळवायला लावली आणि म्हणाले, "काही नाही, जा. बी-कॉम्प्लेक्स घे." मी मेडिकलवाला. बी-कॉम्प्लेक्स माझ्याच कपाटात. वर्षभर घेतलं, नकाशा होता तसाच. आधी ठेचा सोडला, मग लोणचं, मग गरम चहा. रात्री घर झोपलं की आरशासमोर जीभ काढून उभा राहायचो. बारा वर्षांनी भलत्याच कामासाठी मिरजेला गेलो असताना तिथल्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंनी सहज बघून सांगितलं. याला जिऑग्राफिक टंग म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन जणांना असते. जिभेवरचे बारीक कोंब काही ठिकाणी झडतात आणि पुन्हा येतात. कॅन्सरशी संबंध नाही, कुणाला लागत नाही, तिखटानं चुरचुरलं तर तेवढ्यापुरतं तिखट टाळा. आणि एक, म्हणाल्या, जो डाग जागचा हलत नाही, दोन-तीन आठवडे तिथंच ठाण मांडून बसतो, हाताला टणक लागतो, तो मात्र दाखवायला लगेच यायचं. तंबाखूच्या गावचे आहात. केसपेपरच्या पाठीवर जिभेचं चित्रही काढून दिलं. सगळं मिळून दीड मिनिट.

त्या दीड मिनिटाबद्दल मला भांडायचं आहे.

‘काही नाही’ म्हणताना डॉक्टरच्या मनात ‘घाबरू नका’ असं असतं. ऐकणाऱ्याच्या कानात ते ‘मला कळलं नाही’ किंवा ‘तुमच्यासाठी वेळ नाही’ असं उतरतं. कारण काहीतरी तर आहेच. आरशात दिसतंय, शेजारीण विचारतेय, मुलाला शाळेत चिडवतायत, आणि शिकलेला माणूस म्हणतोय काही नाही. मग जो कुणी म्हणेल ‘आहे, आणि काय आहे ते मला ठाऊक आहे’, त्याच्या दारात माणूस जाणारच. आमच्या भागात असं म्हणणाऱ्यांची वानवा नाही. त्यात मीही आलो. त्या बारा वर्षांत जीभ दाखवायला दुकानात आलेल्या किती जणांना मी बी-कॉम्प्लेक्सची पट्टी कापून दिली याचा हिशेब ठेवलेला नाही. ‘काही नाही’वर माझंही दुकान चालतं.

म्हणून माझं म्हणणं असं: अंगातलं निरुपद्रवी वेगळेपण ओळखणं, त्याचं नाव सांगणं, तो आजार नाही हे त्या माणसाच्या भाषेत लिहून देणं, आणि कोणत्या खुणेला परत यायचं ते सांगणं हे सरकारी दवाखान्याचं रोजचं काम धरलं पाहिजे, बीपी मोजण्यासारखं. आज ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

कावीळ घ्या. माझ्याकडे एक गृहस्थ वर्षानुवर्षं मुलासाठी यकृताचं टॉनिक न्यायचे. पोरानं एकादशी धरली की दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे. ताप आला, कारखान्यात सलग दोन रात्रपाळ्या झाल्या, तरी तेच. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायचं. रक्ताच्या रिपोर्टात बिलिरुबिन दोन-अडीच आणि यकृताचे बाकीचे आकडे सरळ. हे असं का होतं ते सांगायला अवघड नाही. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा एक पिवळं द्रव्य तयार होतं, ते बिलिरुबिन. यकृत एका एन्झाइमच्या मदतीनं ते पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच थोडं कमी काम करतं. पोट रिकामं राहिलं, अंगाला ताण पडला की पिवळं द्रव्य जरा साचतं. १९०१ साली फ्रान्समधल्या गिल्बर्ट या डॉक्टरनं आपल्या सहकाऱ्यासोबत याचं वर्णन केलं, म्हणून गिल्बर्ट सिंड्रोम. शंभरात तीन ते दहा माणसांना असतं. यकृत खराब होत नाही, आयुष्य कमी होत नाही, औषध लागत नाही.

आता याच पोराची आमच्याकडची कथा बघा. एकानं चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवली. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लागलेला असेल तर चुन्याचं पाणी पिवळं होणारच, तिथं कावीळ असो वा नसो. दुसऱ्यानं ओल्या काड्यांची माळ डोक्यात घातली. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ गळ्यापर्यंत आणि मग छातीपर्यंत उतरते, आणि लोक म्हणतात, बघा, माळ लांबली तशी कावीळ उतरली. ती उतरणारच होती. उपास सुटला, पोटात भाकरी गेली, श्रेय माळेला. तिसऱ्यानं मनगटावर डाग दिला. ते दोन व्रण मी पाहिलेत. ज्यानं कधी इजा केली नसती त्याच्यावरचा इलाज तेवढा जन्मभर दिसणारा निघाला. आणि या सगळ्याच्या आधी ते गृहस्थ दवाखान्यात जाऊन आले होते. तिथं सांगितलं होतं, "काही नाही, होतं असं कधीकधी."

इथं एक गोष्ट मला स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्याच लेखानं कुणाचं तरी नुकसान व्हायचं. डोळे पिवळे झाले तर आधी तपासायचंच. लघवी गडद होणं, शौच पांढरट होणं, खाज, उलट्या, पोटात दुखणं ही खऱ्या काविळीची लक्षणं आहेत आणि तान्ह्या बाळाला कावीळ दिसली तर वाट बघत बसायचंच नाही. गिल्बर्ट म्हणायचं ते तपासणीनंतर. पण तपासणीनंतर म्हणायचं तरी!

खरं सांगायचं तर हा लेख मी लिहायला घेतला तो जिभेमुळं किंवा काविळीमुळं नाही. जटेमुळं घेतला.

माघी पुनवेला, कन्नडमध्ये जिला भरत हुण्णिमे म्हणतात, सौंदत्तीच्या यल्लम्माची मोठी जत्रा भरते. कोल्हापूरकडून येणारी वाट आमच्या गावावरून जाते. आठवडाभर हायवेला एसट्या, टेम्पो, ट्रॅक्टर, क्वचित बैलगाड्याही, आणि ‘उदं गं आई उदं’चा गजर. रस्त्याकडेच्या दुकानांच्या पायऱ्या भंडाऱ्यानं पिवळ्या होतात, माझ्याही. दोन वर्षांमागं या गर्दीतून एक बाई दुकानात आल्या, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. उवांचं औषध पाहिजे होतं. मुलीच्या डोक्यावरचा पदर बाजूला झाला तेव्हा दिसलं, मानेजवळ मनगटाएवढी जाड जट. उवा तिच्याखाली होत्या, औषध तिथवर पोचणार नव्हतं. मी म्हटलं, मावशी, हे आधी कापायला लागेल. त्या दोन पावलं मागं सरल्या. "आईची हाय ती, अण्णा. तिला हात लावायचा न्हाई."

जट कशी होते हे कुणी विचारत नाही, कारण ती ‘येते’ असं म्हटलं की विचारायचं उरत नाही. लांब केस, विंचरणं नाही, तेल, घाम, धूळ, उवांमुळं खाजवणं आणि त्यावर उशीचं घासणं. केसांच्या वरची बारीक खवलं एकमेकांत अडकतात आणि लोकर दाबून जसा नमदा होतो तसा केसांचा होतो. एकदा झाला की विंचरून सुटत नाही. हा आजार नाही. केस हा मेलेला भाग आहे, त्यात रक्त नाही, कापलं तर रक्त यायचं कारण नाही, वेड लागायचं तर नाहीच नाही. त्रास असलाच तर ओझ्यानं मान दुखणं, उवा, खाली जखम चिघळणं. न्हाव्याची कात्री आणि पाच मिनिटं, एवढाच इलाज.

वैद्यकात याला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात, म्हणजे पोलंडची वेणी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चाट पडलो. पोलंडमध्ये शेकडो वर्षं लोक जट राखत होते. तिथंही समजूत हीच, की शरीरातलं वाईट जटेतून बाहेर येतं, कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो. एकोणिसाव्या शतकात क्राकूव्हच्या विद्यापीठातले प्राध्यापक युझेफ डीट्ल यांनी या समजुतीशी लढा दिला. जट हा रोग नाही, अस्वच्छतेचा परिणाम आहे, कापा, असं ते सांगत राहिले. पुढं १८६६ साली ते त्या शहराचे महापौरही झाले. जटेवर कर बसणार अशी हूल त्यांनी उठवली होती असं सांगतात. खरी असो वा नसो, कल्पना मला आवडली. त्या देशात आज जट उरली ती म्हणींत आणि संग्रहालयांत. आपल्याकडची सौंदत्तीच्या डोंगरावर आहे.

आणि आपल्याकडं तिचा परिणाम अंधश्रद्धा या एका शब्दात मावत नाही. मुलीला जट येणं हे आईनं बोलावल्याचं लक्षण मानलं जातं. बोलावलं म्हणजे देवदासी म्हणून देवीला सोडायची. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, हातात परडी, आणि पुढचं आयुष्य कुणाच्या मर्जीवर ते सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या समाजाच्या मुली सोडल्या गेल्या हेही सगळ्यांना माहीत आहे. कायदे आहेत. हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा १९३४ चा आला, मग कर्नाटकाचा १९८२ चा, पलीकडं महाराष्ट्राचा २००५ चा. हे कायदे मुलगी सोडल्यावर, फार तर सोडताना, जागे होतात. केस गुंतायला त्याच्या वर्षभर आधी सुरुवात झालेली असते. त्या वर्षात ती मुलगी अंगणवाडीत असते, शाळेत असते, लस घ्यायला आरोग्य केंद्रात आलेली असते. एखाद्या सिस्टरनं तिच्या आईला जवळ बसवून ‘हे काय आहे’ ते सांगायला किती वेळ लागला असता? जे बघतात ते नजर वळवतात. धर्माची गोष्ट, आपण कशाला बोला. हेही एक प्रकारचं ‘काही नाही, जा’च.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन बायकांना समजावून जट कापतात. कात्री लावण्याआधी तासन्‌तास बोलावं लागतं. त्यांना माझा दंडवत. पण जे काम आरोग्य खात्याचं आहे ते चळवळीतल्या चार माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पेट्रोलनं का करावं?

यल्लम्माच्या कथेतच एक गोष्ट आहे जी मला या संदर्भात फार वेळा आठवते. जमदग्नीच्या शापानं रेणुकेच्या अंगावर रोग उठला, घरानं तिला टाकलं, रानात तिला दोन जोगी भेटले, त्यांनी धीर दिला, जोगुळभावीच्या पाण्यात न्हायला सांगितलं आणि ती बरी झाली. म्हणजे जिच्या नावानं मुली सोडल्या जातात ती देवी स्वतः कातडीपायी टाकली गेलेली बाई आहे. भक्तांनी कथेतलं शाप देणं उचललं, जोग्यांचं वागणं नाही उचललं.

कातडीवरून कोडाकडं येतो. पांढरे डाग, व्हिटिलिगो. दर दोनशे माणसांत एक-दोघांना तरी असतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, तेवढ्या भागाचा रंग जातो. स्पर्शानं पसरत नाही, एका ताटात जेवून होत नाही. कुष्ठरोगाशी नातं शून्य. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात संवेदना कमी होते, या डागांत टाचणी टोचली तर पूर्ण कळते. इथंही ‘पण’ आहेच: उन्हात डाग लवकर भाजतात, आणि काहींना सोबत थायरॉइडचा त्रास असतो, तेव्हा तो तपासून घ्यावा. इलाज हवा असेल तर मलमं आहेत, प्रकाशकिरणांचा उपचार आहे. नको असेल तर नको.

घोळ आपल्या शब्दानं घातला आहे. कोड हा कुष्ठचाच झिजलेला शब्द. हिंदीत कोढ़ म्हणजे आजही कुष्ठरोग. कुणी जरा शुद्ध बोलायला गेलं की ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतं आणि आगीत तेल ओततं. आमच्या बाजारातल्या कन्नड बोलणाऱ्या बायका डागांना ‘तोन्नु’ म्हणतात आणि कुष्ठरोगाला कुष्ठरोग. सीमाभागातल्या मराठी माणसानं हे लिहावं का असं कुणाला वाटेल, पण या बाबतीत त्यांच्या बाजारातली बोली आपल्यापेक्षा नेमकी आहे. घरात पांढरा डाग असला की लग्नं कशी अडतात ते मी नव्यानं सांगायला नको. डाग मुलाच्या अंगावर असेल तर ‘नोकरी बघा की’, मुलीच्या मावशीच्या अंगावर असला तरी ‘खानदानीत आहे’. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण असू शकत होतं ते संसदेनं २०१९ साली कायद्यातून काढून टाकलं. खुद्द कुष्ठरोगाच्या बाबतीत कायदा इथवर आला, आपण अजून त्याच्याशी नातं नसलेल्या डागांवरून स्थळं परत पाठवतोय.

नवल म्हणजे सगळंच वेगळेपण आपल्याला वाईट वाटत नाही. सहावं बोट भाग्याचं! जलपाईगुडीच्या स्वप्ना बर्मनला दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, तरी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्ण तिनं जिंकलं. भाग्य कसलं, पाच बोटांच्या बुटांत सहा बोटं कोंबून ती वर्षानुवर्षं पळत होती. तिला मापाचे बूट हवे होते. तेवढंच.

बुटांवरून भरतीची पोरं आठवली. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि या भागातल्या पोरांचं पहाटेचं स्वप्न तेच. लेखी काढतात, मैदान मारतात आणि मेडिकलला पडतात: सपाट तळवे, कोपराचा कोन जास्त, रंग ओळखता येत नाहीत. सैन्यानं आपले निकष लावावेत, बंदूक त्यांना द्यायची आहे, मला नाही. माझा आक्षेप त्या एका शब्दाला आहे, ‘अनफिट’. कशासाठी अनफिट हे कागदावर उरत नाही आणि गावात तर मुळीच उरत नाही. पोरगं घरी येतं ते आजारी होऊन. मग कुणी तळव्यासाठी महागडे पट्टे विकतं, कुणी मालिश. १९९३ साली अमेरिकी पायदळातल्या २४६ नव्या शिपायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत सपाट पायांच्या गटाला प्रशिक्षणात दुखापती सर्वांत कमी झाल्या होत्या. न दुखणारा सपाट तळवा हा तळव्याचा एक आकार आहे, बस. रंगांचंही तसंच. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना वाहन परवाना देण्याची मुभा केंद्रानं जून २०२० मध्ये नियम बदलून दिली. हे सांगितल्यावर माझ्यासमोरच्या एका पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो दोन वर्षं ट्रॅक्टरसुद्धा चोरून चालवत होता.

माझ्या या म्हणण्यावर आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी दोन आक्षेप घेतले, दोन्ही वजनदार. पहिला: नाव दिलं की माणूस पेशंट होतो. ‘सिंड्रोम’ ऐकलं की घरी जाऊन मोबाइलवर शोधतो, झोप घालवतो, विम्याच्या फॉर्मवर लिहितो आणि हप्ता वाढवून घेतो. हे खरं आहे. नुसतं नाव देऊन सोडलं तर ‘काही नाही’पेक्षा वाईट. म्हणून तर मी कागद मागतो आणि त्यावर तीन गोष्टी मागतो: नाव, आजार नसल्याचं विधान, आणि परत केव्हा यायचं. माझी जीभ बघणाऱ्या बाईंनी हेच केलं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. काही लोकांचं काळीज उजव्या बाजूला असतं, पोटातले अवयवही आरशात बघावेत तसे उलटे. दहा हजारांत एखादा. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण अपेंडिक्स सुजलं तर त्यांचं पोट डाव्या बाजूला दुखणार, आणि हे ठाऊक नसलेला डॉक्टर भलतंच शोधत बसणार. अशा माणसाला एक्स-रे बघून ‘काही नाही, जा’ म्हणून पाठवणं म्हणजे त्याच्या हातातली किल्ली काढून घेणं आहे. आपल्याकडं नावं ठेवायला अख्खा गाव तयार असतो, नाव सांगायला कुणी नसतं.

दुसरा आक्षेप: वेळ कुठं आहे? एका सकाळी शंभर पेशंट, त्यात साप चावलेला, बाळंतपण अडलेलं, डेंग्यू. यावर माझं उत्तर दुकानदाराचं आहे. जो माणूस ‘काही नाही’ ऐकून जातो तो परत येतो, दुसऱ्या डॉक्टरकडं जातो, तिसरी तपासणी करतो. एकदाच दीड मिनिट दिलं तर त्या रांगेतला एक माणूस कायमचा कमी होतो. छापील चिठ्ठी असेल तर डॉक्टरचीही गरज नाही. सिस्टर देईल, आशाताई देईल.

आणि त्यासाठी नवं खातं काढायला नको. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. गाडीतून डॉक्टरांचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. शोधायच्या गोष्टी चार गटांत वाटलेल्या आहेत: जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढीतला विलंब. चांगली योजना आहे, तिनं हृदयाला छिद्र असलेली पोरं शोधून वाचवली आहेत. पण या चार रकान्यांत ज्या मुलाचं वेगळेपण बसत नाही त्याला काय मिळतं? काहीच नाही. जिभेवर नकाशा, कानापुढं बारीक भोक, एक डोळा घारा एक काळा, कपाळावर पांढरी बट, जट. मला पाचवा रकाना हवा: ‘वेगळं आहे, आजार नाही’. त्यात खूण झाली की घरी चिठ्ठी. मास्तरांनाही एक प्रत, कारण चिडवणं वर्गात सुरू होतं.

चिठ्ठी कोणत्या भाषेत, हा प्रश्न इथं टाळून चालणार नाही. कन्नड ही या राज्याची भाषा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही; दुकानात मी दिवसभर दोन्ही बोलतो आणि माझी उधारीची वही तर कुठल्याच भाषेत नाही. पण दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि पेशंटची भीती मराठीत, अशी आमची वाटणी आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशानं मान्य केलेलं तत्त्व असं की जिथं त्यांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. सूचना म्हणजे फक्त घरपट्टीची नोटीस का? आणि हे दोन्हीकडं लागू व्हावं. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या आईला मराठी चिठ्ठी देऊन काय उपयोग? २०२३ साली महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडं चार दिवस बातम्या पेटल्या. शस्त्रक्रियेचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन सरकारं भांडतात हे मी समजू शकतो. ज्याला शस्त्रक्रिया लागतच नाही त्याला तसं सांगण्यावर भांडायला कुणी येत नाही.

गेल्या वर्षी मीच एक कागद केला. संगणकावर टाइप करून, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांकडून तपासून घेतलेलं कन्नड. जिभेचा नकाशा, पांढरे डाग, उपासाची कावीळ, जट, सपाट तळवे. प्रत्येकाखाली केव्हा दवाखाना गाठायचा ते. ओळखीच्या डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केला. गल्ल्याशेजारी गठ्ठा ठेवला आहे, बी-कॉम्प्लेक्सच्या बरणीला टेकून.

भरत हुण्णिमेच्या आठवड्यात त्या मावशी पुन्हा आल्या, मुलगी सोबत नव्हती. जट आहे, म्हणाल्या, वाढली आहे. मी कागद दिला, जटेचा भाग वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उलटून पालटून पाहिला, खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर दवाखान्याचा शिक्का न्हाई काय ओ अण्णा? घरात सासूला काय दाखवू?"